सरपोतदारांची बाजू

गेल्या कोजागिरीला ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर ‘अशी ही बनवाबनवी’ लावला होता. एरवी आमची कोजागिरी म्हणजे मसाला दूध, ओली भेळ, बायकांच्या फुगड्या, पुरुषांची अंताक्षरी आणि साडेदहाच्या सुमारास कुणाच्या तरी धाकट्याचं भोकाड, एवढंच असतं. या वेळी तिसऱ्या मजल्यावरच्या एका हौशी गृहस्थांनी ऑफिसातून प्रोजेक्टर आणला, पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर पांढरी चादर ताणून बांधली, सतरंज्या अंथरल्या आणि म्हाताऱ्यांसाठी प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या. येऊरच्या बाजूने वारा आला की चादर फुगायची आणि अशोक सराफांचं नाक हातभर लांब व्हायचं. खाली घोडबंदर रोडवर कंटेनरची रांग घुरघुरत होती. कोणता सिनेमा लावायचा यावर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चर्चासुद्धा झाली नव्हती. कचऱ्याच्या डब्यांच्या रंगावरून जिथे आठवडाभर वाद चालतो, तिथे हे नवलच म्हणायचं.

सिनेमा सुरू झाला आणि गच्ची बोलायला लागली. पडद्यावरच्या माणसाने तोंड उघडायच्या आधी गच्चीने वाक्य पूर्ण केलेलं असायचं. एरवी लिफ्टमध्ये मान वर न करणारे लोक एकमेकांकडे वळून वळून पुढचा संवाद म्हणत होते. सगळ्यांत जोरात होते आमचे सेक्रेटरी. सुधीर जोशींचा घरमालक सरपोतदार त्यांनी असा काही उचलला की टाळ्या पडल्या. मान तिरकी करणं, कपाळावरच्या आठ्या, चिडून चिडून शेवटी आवाज चिरकणं, सगळं हुबेहूब. मीही टाळ्या वाजवल्या. मग कधीतरी माझ्या लक्षात आलं की आदल्याच रविवारी, पार्किंगमध्ये भरलेल्या सभेत, याच माणसाने याच आवाजात ठराव वाचून दाखवला होता. यापुढे सोसायटीत अविवाहितांना फ्लॅट भाड्याने देऊ नयेत, फक्त फॅमिलीला द्यावेत. सूचक अमुक, अनुमोदक तमुक. ठरावाचा कागद लिफ्टशेजारच्या बोर्डावर चार टाचण्या मारून लावला होता आणि गच्चीवर आलेला प्रत्येक माणूस त्या कागदासमोर लिफ्टची वाट बघत उभा राहून वर आला होता.

चौघा बिनलग्नाच्या माणसांना राहायला जागा मिळत नाही म्हणून त्यातल्या दोघांना साडी नेसावी लागते, असा सिनेमा. आणि मागे, टाकीच्या शिडीपाशी, माझ्या डोक्यावरच्या फ्लॅटमधली तीन मुलं दुधाचे ग्लास धरून उभी होती. तीही संवाद म्हणत होती.

कुणालाच काही खटकलं नाही.

मला वाटतं, तेच मला खटकत राहिलं. सेक्रेटरी दुटप्पी आहेत असं म्हणून हात झटकणं सोपं होतं. पण ते दुटप्पी नाहीत. चांगला माणूस आहे. पाण्याचा टँकर आला की रात्री बारालाही खाली उतरतात. मेंटेनन्स थकवणाऱ्यांना आठवण करताना त्या सत्तर रुपयांच्या प्रसंगाचं स्टिकर टाकतात, म्हणजे विनोदबुद्धीही शाबूत. सिनेमा त्यांना तोंडपाठ आहे. तोंडपाठ आहे म्हणूनच बहुधा त्यांना तो ऐकू येत नसावा. आरतीतल्या सगळ्या ओळी आपल्याला येतात आणि अर्थ विचारला तर ततपप होतं, तसं काहीतरी.

माझं लहानपण उथळसरच्या चाळीत गेलं. तिथे हा सिनेमा पहिल्यांदा दूरदर्शनवर पाहिला की केबलवर, हे आता सांगता येत नाही. शनिवारी संध्याकाळी दूरदर्शनवर मराठी चित्रपट लागायचा आणि तेवढ्यापुरती चाळीतली भांडणं तहकूब व्हायची. पुढे केबल आली. केबलवाल्याचं स्वतःचं एक चॅनेल असायचं. दुपारी एक पिक्चर, रात्री एक. कॅसेट बहुतेक कुठल्या तरी कॅसेटची कॅसेट असावी, कारण रंग ओघळलेले असत. लाल साडी पदरापाशी लाल आणि निऱ्यांपाशी नारिंगी. खालून सारखी पट्टी सरकायची, साड्यांच्या सेलची, क्लासेसची, कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांची. त्यामुळे लक्ष्मीकांत बेर्डे पहिल्यांदा पार्वती होऊन येतो तो प्रसंग माझ्या डोक्यात अजून पायाखालून सरकणाऱ्या दहावीच्या व्हेकेशन बॅचसकट आहे. आता ओटीटीवर स्वच्छ प्रिंट मिळते, ती पाहताना काहीतरी कमी आहे असं वाटत राहतं. आणि शिकवणी सुटून घरी येईपर्यंत सिनेमा पुढे गेलेला असायचा, त्यामुळे इतक्या वेळा पाहूनही त्याची सुरुवात मी लग्न झाल्यावर पाहिली.

पुन्हा पुन्हा पाहायचे सिनेमे कुणी पूर्ण पाहत नाही, हे माझं आपलं निरीक्षण. प्रत्येकाचं बसायचं ठिकाण आणि उठायचं ठिकाण ठरलेलं असतं. आई ‘आनंद’ कितीही वेळा पाहायची, पण शेवटाच्या जरा आधी तिला हमखास कुकर लावायचा असायचा. बाहेरून टेपरेकॉर्डरचा आवाज यायचा आणि आतून शिट्टी. तो मेला हे तिला माहीत होतं, मान्य नव्हतं एवढंच. कोपरीच्या मामाची तऱ्हा निराळी. त्याने ‘शोले’ ग्रँट रोडला उतरून मिनर्व्हात पाहिला होता, पण त्याचं खरं प्रेम त्या सिनेमाच्या संवादांच्या रेकॉर्डवर होतं. पॉलिडोरने नुसत्या संवादांची एलपी काढली होती आणि ती गाण्यांपेक्षा जास्त वाजत असे, हे आजच्या मुलांना सांगितलं तर थापा वाटतात. मामा डोळे मिटून ऐकायचा. घोड्यांच्या टापा कुठे येतात, नाणं कुठे पडतं, हे त्याला कानाने पाठ. पुढे टीव्हीवर ‘शोले’ लागला की तो वर्तमानपत्र वाचत बसायचा आणि मधूनच, मान वर न करता, इथे चार सेकंद कापलेत असं सांगायचा. आणि ती बरोबर तिथेच कापलेली असायची.

बाबा ‘बनवाबनवी’ लीलाबाई काळभोरांच्या बंगल्यापासून पाहायचे. त्याआधीचा भाग सुरू असला की ते गॅलरीत जात, नाहीतर हातात काहीतरी घेऊन दुरुस्त करत बसत. सरपोतदारांच्या प्रसंगाला सगळी खोली लोळत असायची, आणि बाबा स्टोव्हची वात ओढत असायचे. तेव्हा मला वाटायचं, त्यांना विनोद कळत नाही. त्यांनी लग्नाआधीची वर्षं वागळे इस्टेटमध्ये नोकरी करत एका खोलीत पाच-सहा जणांबरोबर काढली होती. पाळीप्रमाणे झोपायचं. रात्रपाळीवाला आला की दिवसपाळीवाल्याने गादी सोडायची, जेवण खानावळीत, आणि मालक कधी जिन्यात उभा राहून चपलांचे जोड मोजेल याचा नेम नाही. हे त्यांनी कधी दुःख म्हणून सांगितलं नाही. गमती म्हणूनच सांगितलं. एकाने चपला पिशवीत घालून उशाशी घ्यायला सुरुवात केली, मग सगळेच घेऊ लागले, वगैरे. पण घरमालक खोलीत डोकावतोय आणि आतली माणसं लपतायत, हे पाहताना त्यांना हसू येत नसे. बंगला मिळाला, चौघांची सोय लागली, की मग ते गॅलरीतून आत यायचे, पाय पसरून बसायचे आणि इतके हसायचे की ठसका लागायचा.

म्हणजे आमच्या खोलीत तो सिनेमा खऱ्या अर्थाने एकटे बाबाच पाहत होते.

आपण सवयीने एखाद्या गोष्टीचा अर्थ किती सहज विसरतो, याचा आणखी एक मासला. डोहाळजेवणाला हल्ली जे गाणं हटकून वाजतं, ते याच सिनेमातलं. आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्येच मी ते कितीदा ऐकलंय. झोपाळ्याला शेवंतीच्या माळा, हिरवी साडी नेसून, फुलांची वाडी लेवून बसलेली मुलगी, समोर दोन वाट्या झाकून ठेवलेल्या, एकीत पेढा नि एकीत बर्फी, आणि स्पीकरवर ते गाणं. मावश्यांच्या डोळ्यांत पाणी. सिनेमात ते गाणं कुणासाठी आहे? मिशा काढून साडी नेसलेल्या एका बाप्यासाठी, ज्याला काहीही होणार नाहीये. सबंध प्रसंग म्हणजे थापेवर रचलेली थाप. पण अरुण पौडवालांनी चाल इतकी गोड बांधली की थाप गळून पडली आणि डोहाळे राहिले. यात मला वाईट काही दिसत नाही. उलट मला ते आवडतंच. माझ्या स्वतःच्या डोहाळजेवणात ते लावलं होतं आणि मी लाजलेही होते. फक्त एवढंच म्हणायचंय की हजारदा ऐकलेली गोष्ट आपल्या घरची होते, आणि घरच्या माणसाचं बोलणं आपण जितकं ऐकतो तितकंच तिचंही ऐकतो.

मराठी माणसाला परतपरतून पाहायची खोड सिनेमाने लावलेली नाही म्हणा. गडकरी रंगायतन १९७८ साली झालं, आणि तिथल्या वरच्या बाल्कनीत बसून मी विजय चव्हाणांची ‘मोरूची मावशी’ पाहिली आहे. वन्स मोअर मिळाल्याशिवाय मावशीचं गाणं संपत नसे, आणि तो देणाऱ्यांत निम्मे लोक ते नाटक आधी पाहून आलेले. माझ्या शेजारचे आजोबा नातवाला कोपर मारून आधीच सांगत होते, आता बघ हं, आता बघ. पुढे काय होणार हे सांगितल्याने मजा जाते असं त्यांना शिकवलेलंच नव्हतं. कीर्तनाला जाणाऱ्या माणसाला द्रौपदीचं पुढे काय झालं याची उत्सुकता कुठे असते? बुवा ते आज कसं सांगतात, ते ऐकायला तो जातो. सिनेमाचे बुवा मात्र दर वेळी तेच आणि तसंच सांगतात, मग बदलायला उरतो फक्त बघणारा.

बघणारा बदलतो हे बाबांच्याच दुसऱ्या आवडत्या सिनेमाने मला दाखवलं. ‘सिंहासन’. जब्बार पटेलांचा, १९७९ चा. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या आणि तेंडुलकरांची पटकथा. निवडणूक लागली की बाबा तो काढायचे. आधी कुणाकडून तरी आणलेली व्हीएचएस, मग सीडी, शेवटी शेवटी माझ्या फोनवर, चष्मा कपाळावर चढवून. प्रत्येक वेळी त्यांना त्यात नवी माणसं दिसायची. हा आत्ताचा तो, आणि हा तिकडे गेलेला. मागच्या निवडणुकीच्या वेळी ज्याला त्यांनी मुख्यमंत्र्यांच्या खुर्चीवर बसवलेलं असायचं, तो या वेळी त्या खुर्चीवर डोळा असलेल्या दाभाड्यांच्या बाजूला. शेवटी निळू फुल्यांचा पत्रकार दिगू टिपणीस वेड्यासारखा हसत सुटतो, तेव्हा पहिल्या काही वेळा बाबाही जरा हसायचे. नंतर नंतर हसेनासे झाले. तो सिनेमा घासून गुळगुळीत झाला नाही. दर पाच वर्षांनी त्याला नवी धार लागली. विनोदी सिनेमाला हे जमत नाही, असं मी मानत होते. विनोद पाठ झाला की त्यातलं टोक जातं, आणि उरते नुसती ऊब.

कोजागिरीनंतर आठवड्याभराने, दुपारी घरी कुणी नसताना, मी हेडफोन लावून ‘बनवाबनवी’ एकटीने पाहिला. पहिल्या चौकटीपासून. शेजारी कुणी नसलं की आपण संवाद आधी म्हणत नाही, हे त्या दिवशी कळलं. आणि काय सांगू, सबंध वेळ मी सुधीर जोशींकडे बघत होते. इतकी वर्षं मी त्यांना खडूस घरमालक म्हणून धरून चालले होते. तो माणूस खडूस नाहीच. त्रासलेला आहे. त्याने एकाला खोली दिली आणि तिथे माणसं वाढत गेली. त्याने औषधासाठी विश्वासाने सत्तर रुपये दिले आणि ते बुडाले. वर त्यालाच सांत्वन करायची वेळ आणली गेली. जवळपास चार दशकं सारा महाराष्ट्र त्याच्या बुडालेल्या पैशांना हसतोय. वसंत सबनीसांचे संवाद आणि अशोक सराफांची ती निर्विकार मुद्रा यांच्यापुढे त्या बिचाऱ्याची कैफियत कोण ऐकणार?

मला ती ऐकू आली, कारण मध्यंतरी माझीही तशीच एक कैफियत तयार झालेली होती. वरच्या फ्लॅटमधली तिन्ही मुलं ऐरोलीच्या एका आयटी कंपनीत रात्रपाळी करतात. पहाटे तीनला येतात. त्यांच्या घरात म्हणण्यासारखं फर्निचर नाही, पण एक खुर्ची आहे. ती खुर्ची पहाटे तीन ते साडेतीनच्या दरम्यान हॉलच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत प्रवास करते. कशासाठी, हे मला आजवर कळलेलं नाही. मी अंधारात पडल्या पडल्या तिचा मार्ग सांगू शकते. आता दाराशी, आता खिडकीपाशी, आता थांबली, आता पुन्हा. एकदा नळ उघडा राहिला आणि माझ्या बाथरूमच्या छतातून गळायला लागलं. एकदा त्यांच्या पार्सलवाल्याने पहाटे माझी बेल दाबली. मी वर जाऊन सांगितलं की ती पोरं इतकी ओशाळायची, ताई ताई करून इतकी माफी मागायची, की मलाच चोरट्यासारखं व्हायचं. दोन दिवस शांतता. मग खुर्ची.

तेव्हा सभेतला तो ठराव हवेतून आलेला नव्हता. माझ्यासारख्यांच्या तक्रारींतूनच आला होता. मी सभेत उठून म्हटलं होतं की ज्याची तक्रार त्याच्याशी बोला, सरसकट नको. एका वकील सभासदानेही सांगितलं की कायद्याने सोसायटीला सभासदाला असं अडवता येत नाही. लीव्ह अँड लायसन्सवर जागा दिली की सोसायटीला कळवायचं, पोलिसांकडे माहिती द्यायची, आणि सोसायटीने नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचे पैसे, घ्यायचे तेही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. त्यावर मागच्या रांगेतून उत्तर आलं, कायदा राहूद्या हो कायद्याच्या जागी, तुमच्या डोक्यावर नाचत नाहीत ना ते. हशा झाला. आणि खरं सांगायचं तर फॅमिलीवाल्यांच्याही खुर्च्या सरकतात. आमच्याच मजल्यावरच्या एका फॅमिलीची मिक्सर लावायची वेळ पहाटे साडेपाच आहे. पण त्या आवाजाला आम्ही इडलीचं पीठ म्हणतो.

त्या दुपारी आणखी एक खटकलं, तेही सांगून टाकते. चौघांपैकी सिद्धार्थ रे आणि लक्ष्मीकांत बेर्डे, दोघेही २००४ साली गेले. गर्दीत पाहताना हे मनात येत नाही. एकटीने पाहताना पार्वतीचा पदर सावरणारा तो हात दिसतो आणि हसण्याची लय चुकते. मी सिनेमा थांबवून चहा ठेवला. मग पुन्हा लावला. लावल्यावर हसलेच, ते काही टळत नाही.

ही गोष्ट मुळात आपली नाहीच, हेही मी दरम्यान शोधून पाहिलं. हृषीकेश मुखर्जींचा ‘बीवी और मकान’ १९६६ चा, त्यावरून आपला १९८८ चा. म्हणजे आईला शेवटी कुकर लावायला पाठवणारा दिग्दर्शकच इथेही मुळाशी होता, याची मला उगीचच गंमत वाटली. तोही पाहिला. तीच अडचण, तीच सोंगं. चांगला आहे, पण मला त्यात बसायला जागा सापडेना. माझा सिनेमा पुण्यातल्या वाड्याबिड्याचा आहे, ‘जाऊबाई’ म्हणणारा आहे, आणि पायाखालून व्हेकेशन बॅचची पट्टी जाणारा आहे. आणि एक जाणवलं. १९६६ मध्ये घर नाही, १९८८ मध्ये घर नाही, आणि आमच्या लिफ्टशेजारी कागद.

डिसेंबरात मुलांचे ११ महिने संपले. मालक दुबईला, त्याला सोसायटीशी वाकडं नको होतं. त्याने करार पुढे वाढवला नाही. मुलं गेली त्या दिवशी खुर्ची खाली उतरवताना मी पाहिली. साधी प्लॅस्टिकची, एक पाय मोडून तारेने बांधलेली. तिला तो एवढा आवाज कसा यायचा, देव जाणे. वर आता एक फॅमिली आली आहे. त्यांचा मुलगा तबला शिकतो.

त्या तिघांतला एक, लातूरकडचा, परवा तीन पेट्रोल पंपापाशी भेटला. मीच हाक मारली. जाडा झाला होता जरा. कुठे राहता विचारलं तर म्हणाला, कळव्याला, ताई. बरंच फिरलो. सगळीकडं पहिला प्रश्न, फॅमिली आहे का. ब्रोकरच म्हणाला, आई असेल कुणाची तर आणा चार दिवस. मग माझ्या आईला आणलं गावाकडून.

“आईला?”

“हा. लातूरहून रात्रीच्या गाडीनं. मालकीणबाई बघायला आल्या तेव्हा आई आमची भाकरी थापत बसलेली. घर बघितलं, आईला बघितलं, म्हणल्या, आई राहणार असेल तर काहीच प्रश्न नाही. आईनं पण मान हलवली. आठ दिवस राहिली आणि गेली. तिचं काय, तिकडं दोन म्हशी आहेत.”

आईने थाप मारायला कां-कूं केलं असेल, असं मी म्हटलं. तर म्हणाला, नाही हो ताई. तिला रेल्वे स्टेशनवरून आणतानाच समजावून सांगितलं होतं. ती म्हणाली, म्हणजे त्या पिच्चरमधल्यासारखं? फक्त मला साडी नेसवायची गरज नाही, मी नेसूनच आलीये. आम्ही दोघं रस्त्यात उभं राहून हसलो. मागून टीएमटीच्या बसने हॉर्न मारला, तेव्हा बाजूला झालो.

“मग आता? मालकीणबाई विचारत नाहीत?”

“दर रविवारी विचारतात. आईनं त्यांना जवसाची चटणी दिली होती ना, ती संपलीय. कधी येणार आई, कधी येणार आई, असं चाललंय.”

“मग काय सांगतोस?”

“सांगतो, हरभरा काढायला आलाय, उरकलं की येतीच.” आणि मग जरा थांबून, गंभीरपणे, “पण ताई, हरभरा फार तर महिनाभर पुरंल. पुढं काय सांगावं, तुम्हाला काही सुचतंय का?”